‘नाण्याच्या आकाराचे’ म्हणजे केवढे?

इंग्रजी उताऱ्याचे मराठीत भाषांतर करा, हा प्रश्न आपणां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. अशा उताऱ्यांत ‘द साइज ऑफ अ कॉइन’ हे शब्द हटकून भेटतात. कधी त्यात नाण्याचे नावही असते, जसे ‘साइज ऑफ अ डाइम’ किंवा ‘साइज ऑफ अ क्वार्टर’. अंगावरचा डाग, भिंतीतले भोक, आकाशातून पडलेली गार, शर्टाचे बटण, कोणतीही लहान वाटोळी वस्तू सांगायची झाली की इंग्रजी माणूस खिशातले नाणे काढून तिच्याशेजारी ठेवतो. आपण त्याचे ‘नाण्याच्या आकाराचा’ असे भाषांतर करतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. गुणही मिळतात. परंतु हे मराठी वाक्य ज्याने मूळ इंग्रजी वाचलेलेच नाही, त्याच्या हाती नेमके काय लागते? ती वस्तू केवढी आहे हे त्याला कळत नाही. ती वाटोळी आहे की नाही, हेही खात्रीने कळत नाही. या लेखात एवढ्याच एका शब्दप्रयोगाची उलटतपासणी करावयाची आहे.

पहिली अडचण ‘आकार’ या शब्दाची. इंग्रजीत ‘शेप’ आणि ‘साइज’ हे दोन निराळे शब्द आहेत. मराठीत ‘आकार’ हा शब्द दोन्ही कामांना जुंपलेला आहे. ‘त्रिकोणी आकार’ म्हणताना आपण ठेवण सांगतो आणि ‘लहान आकाराची पिशवी’ म्हणताना माप. पाठ्यपुस्तकांनी ‘आकारमान’ हा शब्द दिलेला आहे, पण तो वहीत राहतो, बाजारात येत नाही. त्यामुळे ‘नाण्याच्या आकाराचा डाग’ याचे दोन अर्थ होतात : नाण्यासारखा गोल डाग, मग तो ताटाएवढा का असेना, किंवा नाणे ठेवले तर त्याखाली झाकला जाईल एवढा डाग, मग तो वेडावाकडा का असेना.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागाचे वाचक येथे हसतील, कारण त्यांच्याकडे ही अडचण फारशी नाही. कन्नडमध्ये ठेवणीला साधारणतः ‘आकार’ आणि मापाला ‘गात्र’ असे वेगळे शब्द आहेत. ‘नाण्यद आकारद’ आणि ‘नाण्यद गात्रद’ यांत घोटाळा होण्याचे कारण नाही. मी शाळा मराठी माध्यमातून शिकले आणि शेजारपाजार कन्नड, त्यामुळे एका भाषेतील उणीव दुसरीच्या उजेडात चटकन दिसते. मात्र मराठीला अगदीच दरिद्री समजण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘एवढा’ हा फार गुणी शब्द आहे. लिंबाएवढा, सुपारीएवढा, वाटाण्याएवढा, रुपयाएवढा, असा तो कोणत्याही नामाच्या सामान्यरूपाला चिकटतो आणि फक्त मापच सांगतो. ठेवण सांगायची तर ‘सारखा’ आहे, परिमाण सांगायचे तर ‘इतका’ आहे, वजन सांगायचे तर ‘भार’ आहे. आजी ‘रुपयाएवढे कुंकू’ म्हणते, ‘रुपयाच्या आकाराचे कुंकू’ कधीच म्हणत नाही. हे ‘आकाराचे’ प्रकरण भाषांतरातून आले आणि वर्तमानपत्रांतून घराघरांत गेले, असे माझे मत आहे.

शिवाय नाणे म्हणजे गोलच, हे तरी कोणी ठरविले? आपल्या देशात दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली, आणि पुढच्या काळात निघालेल्या नाण्यांची ठेवण आठवून पाहा. पाच पैसे चौकोनी, दहा पैशांना नागमोडी कडा, तीन पैसे आणि अ‍ॅल्युमिनियमचे वीस पैसे षट्कोनी. १९९२ पासूनचे दोन रुपये अकरा बाजूंचे होते. हल्लीच्या वीस रुपयांच्या नाण्याला बारा बाजू आहेत. तेव्हा ‘नाण्याच्या आकाराचे’ हे शब्द वाचून एखाद्याने चौकोनी वडी डोळ्यांपुढे आणली तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. नाणे कोणते, आणि कोणत्या साली पाडलेले?

इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकेत ही तुलना चालते याचे कारण तेथील नाणी हट्टी आहेत. डाइम म्हणजे दहा सेंटांचे नाणे, व्यास १७.९ मिलिमीटर. पेनी १९ मिलिमीटरची, निकेल म्हणजे पाच सेंट २१.२ मिलिमीटरचे आणि क्वार्टर म्हणजे पाव डॉलर २४.३ मिलिमीटरचा. डाइम आणि क्वार्टर यांच्या व्यासात तर शंभराहून अधिक वर्षांत फरक पडलेला नाही. आजोबा ‘डाइमएवढा’ म्हणाले आणि नातवाने ऐकले, तर दोघांच्या मनात एकच वर्तुळ उमटते. (गंमत अशी की दहा सेंटांचे नाणे पाच सेंटांच्या नाण्याहून लहान आहे. किंमत दुप्पट म्हणून माप मोठे असे समजणारा भाषांतरकार तेथे फसतो.) इंग्लंडात मात्र १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन आले आणि जवळपास ३१ मिलिमीटरच्या जुन्या पेनीची जागा २०.३ मिलिमीटरच्या नव्या पेनीने घेतली. त्यापूर्वीच्या इंग्रजी पुस्तकात एखादी वस्तू पेनीएवढी असली, तर ती आजच्या पेनीएवढी समजून चालणार नाही.

आता आपला रुपया घ्या. ब्रिटिश अमदानीतील चांदीचा बंदा रुपया साडेतीस मिलिमीटरच्या आसपास होता. प्रजासत्ताकाचा रुपया १९५० साली आला तो २८ मिलिमीटरचा. १९८३ चा २६ मिलिमीटर, १९९२ चा पोलादी २५ मिलिमीटर, आणि २०११ चा, जो अजून आपल्या खिशात वाजतो, २२ मिलिमीटर. वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मी क्षेत्रफळही काढून पाहिले. बंद्या रुपयाचे सुमारे ७३० चौरस मिलिमीटर भरते, २०११ च्या रुपयाचे सुमारे ३८०. ‘रुपयाएवढे’ हा शब्द तसाच राहिला आणि त्याच्या पोटातली वस्तू जवळजवळ निम्मी झाली. रुपयाची खरेदीशक्ती घटल्याचे आपण अर्थशास्त्रात शिकतो. त्याची वर्णनशक्तीही घटली, हे मात्र कोणत्याच पेपरात विचारत नाहीत.

कपाळावरचे ‘बंद्या रुपयाएवढे कुंकू’ म्हणजे तीन सेंटिमीटरचे ठसठशीत कुंकू. कन्नडमध्ये हीच प्रतिमा ‘कासगल कुंकुम’ या शब्दांत आहे. कासु म्हणजे लहान नाणे आणि अगल म्हणजे रुंदी, तेव्हा कासुभर रुंदीचे कुंकू. दोन शेजारणींनी एकच गोष्ट आपापल्या नाण्याने मोजली. कन्नडने ‘अगल’ म्हणून रुंदी असे स्पष्ट सांगितले, हा तिचा नेमकेपणा मला आवडतो.

आता हे सारे मला उज्जैनमध्ये का सुचले ते सांगावयास हवे. माझी एक मावशी लग्न होऊन उज्जैनला गेली. तेथे शिंद्यांच्या काळापासून मराठी घरे आहेत, आणि त्यांची मराठी कानाला आपलीच वाटली तरी तिच्यात हिंदी शब्द साखरेसारखे विरघळलेले असतात. मावशी पावलीला चवन्नी म्हणते आणि अधेलीला अठन्नी. येथे एक खाचखळगा आहे. जुन्या मराठीत चवली म्हणजे दोन आणे आणि पावली म्हणजे चार आणे. हिंदीत चवन्नी म्हणजे चार आणे. चवली आणि चवन्नी या सख्ख्या बहिणी वाटतात, पण एकीची किंमत दुसरीच्या निम्मी आहे.

मावशीच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, पाठीवर एक काळसर डाग होता. मावशीने फोनवर आईला सांगितले, “अगं, मागच्या दिवाळीला चवन्नीएवढा होता, आता अठन्नीएवढा झालाय.” आईच्या मनातले आठ आणे तिच्या लहानपणीचे, २४ मिलिमीटर व्यासाचे. चार आणे १९ मिलिमीटर. १९ चे २४ म्हणजे क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक, आणि तेही वर्षाच्या आत! आईला रात्रभर झोप नाही. त्वचेवरचा डाग वाढतो आहे की नाही, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात एवढे आम्हां सर्वांना ठाऊक होते. माझी परीक्षा संपलेली होती. आम्ही दोघी आरक्षण मिळेल त्या गाडीने उज्जैनला गेलो.

दवाखान्यात मावशीने तेच वाक्य हिंदीत सांगितले. वयस्क डॉक्टर थांबले आणि म्हणाले, “कौन-सी अठन्नी, माताजी? पुरानी या नई?” मावशीने पर्समधून दोन नाणी काढली. सव्वा रुपयाच्या दक्षिणेसाठी देवघरातील डबीत जपून ठेवलेली एक चवन्नी, गेंड्याचे चित्र असलेली, आणि त्याच डबीतले पन्नास पैसे, २०११ नंतरचे. डॉक्टरांनी एकावर एक ठेवून दाखविली. कडा अगदी जुळल्या. कारण २०११ साली पन्नास पैशांचे नाणे लहान करण्यात आले ते १९ मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर जुन्या चवन्नीएवढे. आणि त्याच वर्षी ३० जूनला चवन्नी चलनातून बाद झाली. दिवाळीत मावशीने डागाशेजारी एक नाणे धरले होते, आता दुसरे धरले, आणि किंमत दुप्पट म्हणून डागही वाढला असे तिच्या बोलण्यात आले. डॉक्टरांनी पारदर्शक पट्टी लावून मोजले, कागदावर तारीख घालून ‘१९ मिलिमीटर’ लिहिले, कडेचा रंग पाहिला, आणि तीन महिन्यांनी पुन्हा याच पट्टीने मोजू म्हणाले. काकांनी शर्टाची बटणे लावत विचारले, “मग एवढ्या दोघी बेळगावाहून आल्या त्या कशाला?” त्यांना कोणी उत्तर दिले नाही.

त्यानंतरचे चार दिवस मोकळे होते. गाव नाण्यांच्या दृष्टीने पाहायचे असेल तर उज्जैनसारखे गाव नाही. प्राचीन अवंतीची ही राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत हिचे नाव ‘ओझेने’ असे येते, आणि येथून भडोचच्या बंदराकडे गोमेदासारखे खडे व तलम कापड जात असे, असे तीत नोंदविलेले आहे. जेथे एवढा व्यापार तेथे नाणी आलीच. उज्जैनची जुनी तांब्याची नाणी गोल आहेत तशी चौकोनीही आहेत. काही हरभऱ्याच्या डाळीहून थोडीच मोठी, तर काही आजच्या रुपयाच्या जवळ जाणारी. त्यांवर हत्ती, बैल, कठड्यातले झाड, हातात दंड घेतलेली उभी आकृती अशी चित्रे असतात. थोड्या नाण्यांवर ब्राह्मी लिपीत ‘उजेनिय’ असे नगराचे नावही आहे. त्या काळच्या उज्जैनकराने ‘नाण्याएवढे’ म्हटले असते, तर ऐकणाऱ्याने डॉक्टरांसारखेच विचारले असते, कोणते?

या नाण्यांच्या मागील बाजूस बहुधा एक खूण असते. अधिकाच्या चिन्हासारखी फुली, आणि तिच्या चारी टोकांना एकेक लहान वाटोळे. नाणकशास्त्रात तिला ‘उज्जयिनी चिन्ह’ असे नावच पडलेले आहे. इंग्रजी ग्रंथांत तिचे वर्णन ‘क्रॉस अँड बॉल्स’ असे करण्याची रीत आहे. हा दुसरा इंग्रजी शब्दप्रयोग येथे विचारात घेण्याजोगा आहे. ‘बॉल’ म्हणजे चेंडू, भरीव आणि सर्व बाजूंनी वाटोळा. नाण्यावर चेंडू कसा असेल? तेथे असतात ती वर्तुळे. पुष्कळदा ती पोकळ असतात, काहींत मध्ये ठिपका असतो, काहींत एका कड्यात दुसरे कडे असते. कोणी त्या प्रत्येक वर्तुळात आणखी लहान खुणाही पाहिल्या आहेत. ‘बॉल्स’ या एका शब्दाने हे सारे भेद पुसून टाकले. इंग्रजी वाचकाला सवयीने ते कळते, पण आपण ‘फुली आणि चेंडू’ असे भाषांतर केले तर वाचक क्रिकेट समजेल!

मराठीत तरी काय म्हणावे? ‘गोल’ म्हणावे तर तो शब्दही दुटप्पी आहे. चंद्र गोल, पृथ्वी गोल, पोळी गोल आणि लाडूही गोल. पोळीचा गोल तो वर्तुळ आणि लाडवाचा गोल तो गोळा, हे आपण संदर्भाने ओळखतो. लहान वर्तुळांसाठी मात्र स्वयंपाकघर आणि रांगोळी यांनी आपल्याला चांगले शब्द देऊन ठेवले आहेत : ठिपका, टिकली, कडे, चकती, टिंब, वेढे. उज्जयिनी चिन्हाचे वर्णन ‘चार टोकांना चार कडी असलेली फुली’ असे केले, तर ज्याने ते नाणे कधी पाहिले नाही तोही पाटीवर ते काढून दाखवील. मी मावशीकडच्या सात वर्षांच्या मुलाला असेच सांगून पाहिले. त्याने बरोबर काढले आणि ‘ये तो ड्रोन है’ म्हणाला.

ही खूण उज्जैनपुरती राहिली नाही. सातवाहनांच्या नाण्यांवर ती सर्रास आढळते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात १३,००० हून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका बाजूस टेकडी आणि दुसऱ्या बाजूस हेच उज्जयिनी चिन्ह. पराभूत राजाचे नाणे वितळविण्याऐवजी त्याच्यावरच शिक्का उठवून ते पुन्हा चालू केले. हिशेबाच्या भाषेत याला खर्चात बचत म्हणावे लागेल. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच की, तेथे राजा बदलला, छाप बदलला, पण नाण्याचा व्यास तोच राहिला. दुकानदाराच्या डोळ्यांना लागलेले माप सातकर्णीने मोडले नाही.

गोपाळ मंदिराजवळच्या सराफ्यात एका दुकानदाराने आम्हांला शिंदेशाहीतील उज्जैन टांकसाळीचा रुपया दाखविला. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली आपला मुक्काम ग्वाल्हेरला हलविला, तोपर्यंत उज्जैन हीच शिंद्यांची राजधानी होती. हा रुपया हातोड्याने ठोकून पाडलेला, कडा ओबडधोबड, फारसी अक्षरे अर्धी नाण्याच्या बाहेर गेलेली. रुंदीला सुमारे दोन सेंटिमीटर, पण जाडी चांगली. वजन जवळपास अकरा ग्रॅम. सराफाने शेजारी आजचा रुपया ठेवला. रुंदी जवळजवळ सारखी! १८३५ साली कंपनी सरकारने साऱ्या मुलखासाठी एकच पातळ आणि रुंद रुपया काढला, तेव्हापासून आपण ‘रुपयाएवढे’ म्हणजे तीन सेंटिमीटर समजू लागलो. दौलतरावांच्या सरदाराने ‘रुपयाएवढी जखम’ म्हटले असेल तर ती आजच्या रुपयाएवढी समजावी, आपल्या पणजोबांच्या रुपयाएवढी समजू नये.

त्या काळी रुपया मापापेक्षा वजनासाठी अधिक भरवशाचा होता. कंपनीचा रुपया १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, तोच तोळा, आणि असे ८० तोळे म्हणजे एक शेर. ‘रुपयाभार तूप’ म्हटले की वैद्य आणि रोगी यांच्यात वाद नव्हता. ‘भार’ गेला, किलो आला, आणि हे शब्द आता फक्त जुन्या औषधांच्या वह्यांत उरले.

नाणे बदलते, पण तीळ बदलत नाही. म्हणून लहान वाटोळ्या वस्तूंसाठी आपल्या लोकांनी मुख्यतः धान्याचा आणि फळांचा आधार घेतला. खसखस, मोहरी, तीळ, ज्वारी, मूग, हरभरा, बोर, सुपारी, आवळा, लिंबू, नारळ. ही चढती भाजणी कोणत्याही खेड्यातील बाई न शिकता सांगते. कन्नडमध्ये ‘सासिवे काळिनष्टु’ म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढे. अवंतीचाच वराहमिहिर बृहत्संहितेत हिऱ्याचे वजन सांगताना आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ धरतो. सहाव्या शतकात लाखो नाण्यांच्या किमतीचा हिरा मोहरीने तोलला जात होता. सोनाराची गुंजही त्याच कुळातली : आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. अर्थात धान्यही सर्वत्र सारखे नसते. मालव्यातील हरभरा आणि आपल्याकडचा हरभरा शेजारी ठेवले तर फरक दिसेल. पण तो फरक दोन पिढ्यांत निम्मे होण्याइतका नसतो.

‘पी-साइज्ड’ हा इंग्रजी शब्दप्रयोग म्हणूनच आपल्याकडे सुखाने आला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दात घासण्यासाठी मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट द्यावी आणि त्याहून लहानांना तांदळाच्या दाण्याएवढी, असे दंतवैद्य सांगतात. हे वाक्य मराठीत जसेच्या तसे चालते. उलट त्वचेवरील तीळ ६ मिलिमीटरहून मोठा असल्यास दाखवावा, हे इंग्रजी पत्रकांत ‘पेन्सिलच्या मागच्या रबराएवढा’ असे सांगतात. आपल्याकडील निम्म्या पेन्सिलींना रबरच नसते. तेथे ‘मोठ्या हरभऱ्याएवढा’ म्हणणे बरे.

मापाचा शब्द चुकला तर काय होते, हे शेतकऱ्याला विचारावे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात गारपिटीने उभी पिके झोपविली. अशा वेळी बातम्यांत ‘बोराएवढ्या’, ‘लिंबाएवढ्या’ गारा असे येते. या दोन शब्दांतील अंतर ऐकताना लहान वाटते. पण लिंबाचा व्यास बोराच्या दुप्पट धरला तर गारेचे वजन आठपट होते. गहू बोराएवढ्या गारेने वाकतो आणि लिंबाएवढ्या गारेने कौल फुटते. अमेरिकेतील हवामान खाते गारपीट ‘तीव्र’ ठरविण्याची मर्यादा २०१० पर्यंत पाऊण इंच धरीत असे, ती त्या वर्षी एक इंच केली. लोकांना समजावे म्हणून पूर्वी तिला ‘पेनीएवढी’ म्हणत, आता ‘क्वार्टरएवढी’ म्हणतात. ही बातमी मराठीत ‘नाण्याच्या आकाराच्या गारा’ म्हणून छापली, तर मर्यादा बदलली हीच बातमी त्यातून गळून पडते.

आणखी एक वस्तू आजच्या घराघरांत शिरली आहे, ती म्हणजे खेळण्यांतील, रिमोटमधील आणि वजनकाट्यातील चकतीसारखी बॅटरी. इंग्रजीत तिला ‘कॉइन सेल’ म्हणतात, म्हणजे येथे नाणे थेट नावातच आले. यांपैकी सर्रास आढळणारी लिथियमची बॅटरी २० मिलिमीटर व्यासाची असते, २०११ च्या रुपयाहून केवळ दोन मिलिमीटर लहान. लहान मुलाने ती गिळली तर आई साहजिकच ‘नाण्याएवढे काहीतरी गिळले’ असे सांगते, आणि ऐकणाऱ्याला नाणेच वाटते. नाणे बहुधा आपोआप पुढे सरकते, म्हणून थोडी वाट पाहण्याचीही पद्धत आहे. बॅटरी मात्र अन्ननलिकेत अडकली तर ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि दोन तासांच्या आतही भाजल्यासारखी जखम होऊ शकते. क्ष-किरण चित्रात दोन्ही चकत्या सारख्याच दिसतात. फरक एवढाच की, बॅटरीच्या कडेला आत आणखी एक वलय दिसते. आईने ‘नाण्याएवढी, पण नाणे नाही, खेळण्याचे झाकण उघडे आहे’ असे सांगितले, तर क्ष-किरणाच्या आधीच डॉक्टरांची पावले भरभर पडतील.

आता भाषांतराच्या पेपराकडे वळू आणि काही वाक्ये करून पाहू. ‘अ स्पॉट द साइज ऑफ अ डाइम’ : येथे मूळ १७.९ मिलिमीटर आहे. आपल्या चालू नाण्यांत त्याच्या सर्वांत जवळ पन्नास पैसे येतात, पण ते आता कोणाच्या खिशात नसतात. म्हणून ‘आजच्या रुपयाहून थोडा लहान डाग’ असे लिहावे. ‘आजच्या’ हा शब्द गाळू नये. ‘अ क्वार्टर-साइज्ड होल’ : दोन रुपयांचे २०११ चे नाणे २५ मिलिमीटरचे आहे, तेव्हा ‘दोन रुपयांच्या २०११ च्या नाण्याएवढे भोक’. १९९२ चा एक रुपयाही २५ मिलिमीटरचाच होता आणि तो अजून कोठे कोठे फिरतो, म्हणून नुसते ‘रुपयाएवढे’ म्हणू नये. ‘कॉइन-शेप्ड बिस्किट’ : येथे मापाचा प्रश्नच नाही, ‘चकतीसारखे बिस्किट’ पुरे. ललित उताऱ्यात सुंदर स्त्रीच्या कपाळावरचे कुंकू आले आणि काळ जुना असला, तर बेलाशक ‘बंद्या रुपयाएवढे’ लिहावे. तेथे मिलिमीटर घातले तर परीक्षक आणि ती स्त्री दोघेही रागावतील. आणि वैद्यकीय अहवाल, विम्याचा दावा किंवा पंचनामा असेल तर एकही नाणे न वापरता पट्टी लावून आकडा लिहावा, आणि त्यापुढे तारीख घालावी. काकांच्या कागदावर आता अशा तीन तारखा झाल्या आहेत : १९, १९ आणि १९.